आधी उतार, मग जलचक्र: लहान मुलांना ओढ्याचं पाणी शिकवताना

लहान मुलांना पाणी शिकवायचं म्हटलं की हात आपोआप जलचक्राच्या तक्त्याकडे जातो. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, पाऊस, डोंगर, नदी आणि परत समुद्र. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी निदान सुरुवातीला तरी मला तो तक्ता नकोच वाटतो. त्यातलं निम्मं डोळ्यांना दिसत नाही. वाफ दिसत नाही, मुरलेलं पाणी दिसत नाही. मुलं बाण पाठ करतात आणि डबक्यातलं पाणी कुठे गेलं असं विचारलं की "संपलं" म्हणून मोकळी होतात.

उतार मात्र दिसतो. सांडलेलं पाणी कुठल्या बाजूला पळणार हे तीन वर्षांचं मूलही सांगतं. ओढा जपायचा म्हणजे काय, हे कळायला आधी एवढंच कळावं लागतं की जमिनीवर जे पडतं ते पावसाबरोबर उताराने खाली जातं आणि सगळ्यात खाली ओढा असतो. एकदा हे डोक्यात बसलं की "कचरा टाकू नका" हे वेगळं सांगत बसावं लागत नाही. म्हणून मी क्रम उलटा लावते: आधी उतार, मग माती, मग पाण्यातले जीव, आणि जलचक्र सगळ्यांत शेवटी.

उतारासाठी चुरगळलेल्या कागदाचा डोंगर पुरतो. चित्रकलेचा जाड कागद घ्या, मोठ्या आकाराचा. त्याचा घट्ट बोळा करा आणि अर्धवट उलगडून कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा. उंच राहिलेल्या घड्यांवरून पाण्यात विरघळणाऱ्या निळ्या स्केचपेनने रेघा ओढा. उघडी माती म्हणून एका उतारावर तपकिरी पट्टा द्या, कचऱ्याचा ढीग म्हणून कुठेतरी एक लाल ठिपका. आता पाणी मारण्याआधी प्रत्येक मुलाला विचारा, पाणी कुठे साठेल? तिथे बोट ठेवायला लावा. हा अंदाज घेतला नाही तर पुढचं सगळं नुसती रंगांची गंमत होऊन बसतं. मग फवारणीच्या बाटलीने साधारण एक फुटावरून बारीक फवारा मारा. वीस-पंचवीस फवारे झाले की निळ्या रेघा ओघळून घळींमध्ये एकत्र येतात, लाल ठिपका आपली शेपटी ओढत खालच्या तळ्यात उतरतो.

यात बिघडतं ते बहुतेक वेळा साहित्यामुळे. वर्तमानपत्राचा कागद दोन मिनिटांत लोळागोळा होतो आणि डोंगरच बसतो. कायमच्या शाईचं पेन वापरलं तर काहीच वाहत नाही. फवाऱ्याचं तोंड धारेवर असेल तर थेंबांचे ओघळ होण्याआधीच ट्रे भरतो. कागद फार उलगडला तर घळी राहत नाहीत, सगळीकडे नुसती ओल पसरते. नीट जमला की एकाच कड्याच्या दोन बाजूंचं पाणी दोन वेगळ्या तळ्यांत जाताना दिसतं. तिथे थांबा. पाणलोट म्हणजे काय हे यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला तो शब्द नाही सांगितला तरी चालेल.

खऱ्या पावसात हेच बाहेर करून बघता येतं. सर थांबल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडा, रस्त्याच्या कडेने वाहणारी धार धरून ती कुठे जाते ते बघत चालत राहा. बऱ्याच ठिकाणी रस्त्यावरचं पावसाचं पाणी जाळीतून जातं ते थेट ओढ्याला किंवा नदीला मिळतं, वाटेत त्यावर कुठलीही प्रक्रिया होत नाही. मुलांना (आणि खूप मोठ्या माणसांनाही) वाटत असतं की जाळीखाली कुणीतरी ते साफ करतं. जाळीवर वाकून बघू देऊ नका, आणि धार जोरात असेल तर ती गुडघ्याएवढी नसली तरी मुलाचा पाय ओढते.

डबक्याभोवती खडूने रेघ मारून दर तासाला नवी रेघ मारायची, हाही जुना आणि चांगला खेळ आहे. फक्त डबकं बिनभेगांच्या काँक्रीटवरचं निवडा. मातीतल्या डबक्यातलं पाणी खाली मुरतं आणि वरही उडतं. दोन्ही एकाच वेळी होत असलं की त्यातून मुलांना काहीच शिकता येत नाही.

मातीच्या बाटल्यांना वेळ लागतो, पण ओढ्याच्या बाबतीत लहान मुलांना सगळ्यात जास्त समजतं ते यातून. दोन लिटरच्या एकसारख्या तीन प्लॅस्टिकच्या बाटल्या आडव्या ठेवा, प्रत्येकीच्या वरच्या अंगाला साधारण १८ सेंटीमीटर लांब आणि ७ सेंटीमीटर रुंद खिडकी कापा. कापायचं काम मोठ्यांचं, कडांना चिकटपट्टी लावायची. तिन्हींत एकाच ठिकाणची माती भरा. एकीत मोहरीसारखं लवकर उगवणारं बी दाट पेरा, दुसरीवर वाळलेल्या पानांचा जाड थर, तिसरी उघडी. बी पेरलेल्या बाटलीला १० ते १२ दिवस द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसायला लागलं की मुलं घाई करतात, पण तेव्हा मुळांनी माती धरलेली नसते.

ओतायच्या दिवशी तिन्ही बाटल्यांची बुचं काढा, तोंडं एकाच बाजूला ठेवा आणि मागची बाजू ३ ते ४ सेंटीमीटर उचला. तोंडाखाली पारदर्शक पेले. प्रत्येकीत ३०० मिलिलिटर पाणी झारीने, किंवा बुचाला भोकं पाडलेल्या बाटलीने, सावकाश घालायचं. पेल्यातून सरळ धार ओतली तर पानांखालची मातीसुद्धा उकरली जाते आणि तिन्ही पेल्यांत सारखाच गाळ येतो. मातीची पातळी बाटलीच्या तोंडाच्या खालच्या काठाइतकी हवी. त्याखाली राहिली तर पाणी आतच साचतं, वर गेली तर पाणी नसतानाही माती घरंगळते. अगदी कोरडी माती सुरुवातीचं पाणी पिऊन टाकते, तेव्हा आदल्या दिवशी तिन्ही बाटल्यांतली माती सारखी भिजवून ठेवायची.

पेले लगेच ओतून टाकू नका, रात्रभर हलवू नका. दुसऱ्या दिवशी तळाला बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजता येते आणि ज्यांना मिलिमीटर कळत नाही ती मुलं बोटाने दाखवतात. आता प्रश्न विचारायचा: हा गाळ ओढ्यात गेला तर तिथल्या दगडांखाली राहणाऱ्यांचं काय होईल? दगडांमधल्या फटी बुजतात, माशांची अंडी गाळाखाली गुदमरतात, पाणवनस्पतींपर्यंत उजेड पोचत नाही. निव्वळ माती, जिच्यात विष काहीच नाही, तीसुद्धा जास्त झाली की ओढ्याला बाधते. प्रदूषण म्हणजे प्लॅस्टिक, एवढंच चित्र मुलांच्या डोक्यात असतं आणि ते इथे थोडं बदलतं.

गोडं पाणी किती कमी आहे हे दाखवायचा एक लिटरचा प्रयोग सगळीकडे होतो. तो करा, पण आकडे नीट धरून. १,००० मिलिलिटर म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी धरलं तर ९७५ खारं. उरलेलं २५, म्हणजे पाच मिलिलिटरचे पाच चमचे, गोडं. त्यातले सुमारे साडेतीन चमचे बर्फात अडकलेले, दीड चमचा भूजल. जगातल्या सगळ्या गोड्या तळ्यांचं पाणी यानंतर जेमतेम एका थेंबात मावतं. नद्यांचा वाटा तर थेंबाच्या तिसाव्या भागाएवढा! नदीचा म्हणून एक अख्खा थेंब दाखवायचा असेल तर समोर ३० लिटरच्या आसपास पाणी ठेवावं लागेल. मोठ्या गटासमोर मी दोन भरलेल्या बादल्या आणि एक ड्रॉपर हाच प्रकार सुचवेन, त्याचा ठसा जास्त उमटतो.

इथे एक अडचण दडलेली असते. साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांना उंच, निमुळत्या भांड्यातलं पाणी पसरट भांड्यातल्या पाण्यापेक्षा जास्त वाटतं, त्यांच्यासमोर ओतून दाखवलं तरी. ज्यां पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. मोजपात्रातून बारीक नळीत ओतलेले २५ मिलिलिटर त्यांना भरपूर दिसतात आणि प्रयोगाचा अर्थ उलटा होतो. सगळे भाग एकसारख्या पेल्यांत ठेवा. पाच वर्षांखालच्यांना आकडे सांगूच नका, तळहातावर तो एक थेंब द्या.

आणि थेंबापाशी थांबून "बघा, पाणी संपत चाललंय" असं घाबरवू नका. लहान मूल भीतीने काळजी घ्यायला शिकत नाही, ते विषयच टाळायला शिकतं. शिवाय ते पूर्ण खरंही नाही, कारण नदीचा तो थेंब साठवणीतला नाही, वाहता आहे. जगभरच्या नद्यांमधलं पाणी सरासरी दोन-तीन आठवड्यांत बदलतं. घाण येणं थांबलं की वाहतं पाणी लवकर सुधारतं, तळाचा गाळ मात्र मागे राहतो आणि त्याला वर्षं लागतात.

वाळूची गाळणी हा माझ्या मते सगळ्यात धोकादायक शिकवला जाणारा प्रयोग आहे. गढूळ पाणी वरून घालायचं, खालून स्वच्छ येतं, टाळ्या. मुलं शिकतात ते हे की नितळ म्हणजे पिण्याजोगं. करायचा तर दुसरा भाग जोडून करा. तळ कापलेली बाटली उलटी धरा, तोंडाला सुती कापड बांधा. आत ३ सेंटीमीटर बारीक खडे, त्यावर ३ सेंटीमीटर जाड वाळू, त्यावर ५ सेंटीमीटर बारीक वाळू आणि सगळ्यात वर खड्यांचा एक पातळ थर, म्हणजे ओतताना वाळू उकरली जात नाही. वाळू आधी पाणी नितळ येईपर्यंत धुवा, नाहीतर खालून आधीपेक्षा गढूळ पाणी येतं. गढूळ पाणी गाळून झालं की त्याच गाळणीतून खाण्याचा रंग विरघळवलेलं पाणी घाला. रंग खालून तसाच बाहेर येतो. साबण, मीठ, खत, औषधं अशीच जातात, आणि डोळ्यांना न दिसणारे रोगजंतूही या गाळणीतून पार होऊ शकतात. गाळलेलं पाणी कुणी चाखायचं नाही, हा नियम प्रयोग सुरू व्हायच्या आधी सांगायचा.

सहा वर्षांपुढच्या मुलांना याला जोडून सहा पांढऱ्या वाट्या द्या. पहिलीत १ मिलिलिटर द्रवरूप रंग आणि ९ मिलिलिटर पाणी. ढवळून त्यातला १ मिलिलिटर दुसरीत, तिथेही ९ पाणी, असं सहावीपर्यंत. सहाव्या वाटीत दहा लाखांत एक भाग रंग असतो आणि ती साध्या पाण्यासारखी दिसते. रंग आहे की गेला, यावर मुलांची चांगली खडाजंगी होते. होऊ द्या. प्रत्येक पायरीला ड्रॉपर धुतला नाही तर सहावी वाटीसुद्धा रंगीत राहते आणि वादच मिटतो.

एवढं झाल्यावर ओढ्यावर. त्याआधी नेण्यात अर्थ नाही असं नाही, पण काय बघायचं हे माहीत नसलेली पंचवीस मुलं पाण्यात दगड फेकतात, बाकी काही करत नाहीत.

जागा एक दिवस आधी मोठ्यांनी बघून यायची. सहा वर्षांखालच्यांना घोट्याच्या वर पाणी नको, त्याहून मोठ्या मुलांना गुडघ्याखालीच. दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस, पाच वर्षांच्या आतली असतील तर काठावर दोघांमागे एक. याशिवाय एका माणसाने फक्त पाण्याकडे बघायचं. शिकवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना बहुतेकदा ओरडत नाही. धरणाच्या खालच्या अंगाला जाऊ नका. आदल्या दिवसात वरच्या भागात पाऊस झाला असेल तर बेत रद्द करा. डोक्यावर ऊन असतानाही वरून पाणी येतं, आणि पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहत यायला लागला किंवा आवाज वाढला तर सामान तिथेच टाकून आधी मुलांना वर घ्यायचं.

पायात मागे पट्टा असलेले किंवा बांधायचे जुने बूट, चपला वाहून जातात आणि मूल त्यांच्यामागे जातं. अंगावर जखम असेल तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकायची किंवा त्या मुलाने काठावरूनच बघायचं, कारण जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार त्वचेवरच्या जखमांवाटे शिरतो. नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ओढ्यावर गेल्याचं सांगायचं, हे पालकांना लेखी कळवून ठेवा. हात साबण-पाण्यानेच धुवायचे; मातीने भरलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. पाण्यावर हिरव्या ऑइलपेंटसारखी साय असेल किंवा कुजक्या अंड्यांचा वास येत असेल तर त्या पाण्याला हात लावायचा नाही.

आता खरी मजा. एक पांढरा पसरट ट्रे, त्यात ओढ्याचंच २ सेंटीमीटर पाणी. बारीक जाळीची गाळणी, मऊ ब्रश, प्लॅस्टिकचे चमचे. मुठीएवढा ते वीतभर दगड निवडायचा, गाळणी त्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे जातं तिकडे, धरायची आणि दगड हळूच उचलायचा. दगडाचा तळ ट्रेवर धरून ब्रशने अलगद झाडायचा. पहिलं अर्धं मिनिट ट्रेमध्ये नुसता कचरा दिसतो आणि मुलं "काहीच नाही" म्हणतात. ट्रे स्थिर ठेवा. मग एखादी काडी चालायला लागते.

ती चालणारी काडी बहुधा कॅडिसफ्लाय या किड्याची अळी असते, वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे चिकटवून तिने स्वतःभोवती नळी बांधलेली असते. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले फडफडत असतील आणि मागे सहसा तीन शेपट्या असतील तर मेफ्लायचं पिल्लू. दोन शेपट्या आणि दणकट पाय म्हणजे स्टोनफ्लाय. चतुराचं पिल्लू जाडं, मोठ्या डोळ्यांचं असतं. त्याला वेगळ्या वाटीत ठेवा, नाहीतर ते ट्रेमधल्या बाकीच्यांना खातं. लालभडक, वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या तर त्या बिनचावऱ्या, उडणाऱ्या माश्यांच्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही त्या तग धरतात.

लाल अळी दिसली म्हणजे ओढा घाण, असा निष्कर्ष मात्र काढू देऊ नका. ती चांगल्या पाण्यातही असते. बघायचं ते हे की ज्यांना भरपूर प्राणवायू लागतो त्या स्टोनफ्लाय, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्यापैकी कुणी आहे की नाही. नुसत्या लाल अळ्या आणि जळवा असतील, बाकी कुणी नसेल, तर प्राणवायू कमी पडत असल्याची शंका घ्यायची. तीही एका भेटीवरून नाही. नुकताच पूर येऊन गेला असेल तर चांगल्या ओढ्यातही ट्रे रिकामा राहतो, आणि निव्वळ वाळूच्या तळाला मुळातच कमी जीव असतात.

ट्रे सावलीत ठेवायचा, पंधरा मिनिटांत रिकामा करायचा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यात भर म्हणजे साचलेल्या पाण्यात तो नव्याने मिसळतही नाही. जीव पकडले तिथेच सोडायचे, ट्रे पाण्यात टेकवून, वरून ओतून नाही. दगडही होता तसाच, तीच बाजू खाली, परत ठेवायचा. उलटा ठेवलेला दगड म्हणजे छप्पर उडालेलं घर.

पाणी किती नितळ आहे ते मोजायला तळाला काळी फुली काढलेली लांब पारदर्शक नळी किंवा उंच बरणी घ्या. वरून बघत नमुन्याचं पाणी हळूहळू ओतत जायचं, फुली दिसेनाशी झाली की थांबून उंची मोजायची. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली, त्याच्यात आणि यात तत्त्वाचा फरक नाही. नमुना घेताना बाटलीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायचं आणि मुलं खेळत असतील त्याच्याही वर जाऊन भरायचं. त्यांनी ढवळलेला चिखल मोजण्यात काय अर्थ?

ओढा साफ करायला मुलांना न्यायचं तर काम काठावरचं द्या. जाड हातमोजे, लांब चिमटे, आणि काच, सुया, बॅटऱ्या, बंद बाटल्या दिसल्या तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची. मुलं उत्साहाच्या भरात पानं, काटक्या, पडलेली फांदीसुद्धा उचलून पिशवीत भरतात. ती तिथेच राहू द्या. ट्रेमधल्या निम्म्या जीवांचं खाणं आणि घर तेच आहे. पाण्यावरचा सगळा फेसही साबणाचा नसतो. कुजलेल्या पानांमुळे येणारा फेस तपकिरी आणि मातकट वासाचा असतो, साबणाचा पांढराशुभ्र आणि सुगंधी.

घरातल्या सवयींपैकी ज्यांचा ओढ्याशी सरळ संबंध दाखवता येतो तेवढ्याच सांगा. सायकल रस्त्यावर न धुता माती-गवतावर धुवायची. साबणाचं पाणी, "निसर्गस्नेही" लिहिलेल्या साबणाचंसुद्धा, ओढ्यापासून ६० मीटर तरी लांब मातीत ओतायचं. काचेच्या टाकीतले मासे आणि वनस्पती कधीही ओढ्यात सोडायच्या नाहीत. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेची म्हणून लोकांनी जगभर नेली आणि आता ती कुठे कुठे पसरली आहे ते वेगळं सांगायला नको. गळक्या नळाचं मुलांना मोजू द्या: सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांना एक मिलिलिटर धरलं तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर जातं. प्रत्यक्ष दहा मिनिटं भांडं ठेवून मोजलं की आकडा बहुधा मोठा निघतो, कारण नळाचा थेंब ड्रॉपरच्या थेंबापेक्षा जाडा असतो.

ओढ्यावरून आल्यावर गाळण्या, ट्रे आणि बूट साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. एका ओढ्यातली अंडी, बिया, बुरशी ओल्या जाळीत बसून दुसऱ्या ओढ्यात जातात. आणि वही एकच ठेवा, ठिकाणही एकच: तारीख, शेवटचा पाऊस कधी पडला, फुली किती सेंटीमीटरला गेली, ट्रेमध्ये कोण होतं, वास कसा होता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्रं काढायची. सहाएक महिन्यांच्या नोंदी जमल्या की पावसाचे आणि कोरडे महिने शेजारी ठेवून दाखवा. जलचक्राचा तक्ता भिंतीवर लावायचाच असेल तर तो तेव्हा लावा.